माझा पाय आणि रेवाचा व्हिसा

मंगळवार संध्याकाळ, राजाजीनगर, बंगळूर

रेवा, आधी वार घाल. व्हिसा मिळाला तरी तुझा विसराळूपणा काही गेला नाही! मला अक्षर येत नाही म्हणून नातीचा हात उसना घेते, पण सांगते तसंच लिही.

कॉलेजनंतरचं तुझं एक वर्ष रिकामं का, हे मुलाखतीत विचारणारच होते. एजंटानं खोट्या कोर्सचं उत्तर पाठ करून घेतलं. मी काठी आपटली. "माझा पाय मोडला, तू मला पुन्हा चालवलंस. हे सांगायला लाज वाटते होय गं?"

बोलले खरी, पण काल धाकधूक मलाच. माझ्या पायापायी पोरीचं शिक्षण अडलं तर?

आज चेन्नईच्या वकिलातीत साहेबानं नेमकं तेच विचारलं. तू खरं सांगितलंस, म्हणूनच फिजिओथेरपी शिकायचीय म्हणालीस.

"आता आजी चालतात?"

"चालतात, आणि कसं चालावं हे आता मलाच शिकवतात."

साहेब हसला. व्हिसा दिला!

जिंकलो की गं आपण! सरी, बरं, आता समोरच्या अक्कांकडे चार ओबट्टू, म्हणजे आपल्या पुरणपोळ्याच, पाठव, गरम, वर भरपूर तूप घालून. थांब, डबा इकडे आण. मीच नेते. काठी राहू दे कोपऱ्यात.