रिव्हर्स पडत नाही

५ मार्च

बाबांची गाडी आज मी काढली, तेव्हा कळलं – रिव्हर्स पडत नाही! ऑटोमॅटिक गाडी. दांडी डी-वर जाते, एन-वर येते, आणि आर-च्या अलीकडे थांबते. जेवणाच्या सुट्टीआधी कारकून थांबतो तशी. पार्किंगची खाच आर-च्याही पलीकडे, म्हणजे तीही गेली. बाबा हँडब्रेक ओढतात आणि चाकाखाली वीट लावतात. महिना झाला म्हणे.

"पुढे जाते ना? मग झालं!" – इति बाबा.

७ मार्च

महिनाभर आई-बाबा कुठे गेले आणि कुठे नाही, याचा उलगडा झाला. जिथून वळसा घालून बाहेर पडता येतं, तिथेच! आईच्या गुडघ्याचा व्यायाम घेणारा दवाखाना – दोन फाटकं, पसंत. मावशीचं घर – बंद गल्ली, संबंध संपले. मावशी रुसून बसलीय. तिला वाटतंय, तिच्या बोलण्याचा राग आला.

आई म्हणते, "बोलली होतीच ती. पण ते निराळं."

गाडी आमच्या फाटकाच्या आतही येत नाही. आत आली की कायमची.

९ मार्च

शेजारचे काका फाटकाशी भेटले. "आयुष्याला कुठे असतो रिव्हर्स!"

असलं बोलणाऱ्यांच्या गाड्यांना मात्र असतो. कॅमेऱ्यासकट.

जानेवारीत बाबांनी गाडी मागे घेताना याच काकांची कुंडी फोडली होती. कुंडी चुकीच्या जागी होती, असं बाबांचं मत पडलं. कुंडीचं मत कुणी विचारलं नाही.

१२ मार्च

गॅरेज. "ताई, गाडी जुनी आहे," मिस्त्री म्हणाला. हे निदान नव्हतं, सांत्वन होतं. इंजिन गरम करून, चालू ठेवून, त्याने गिअरबॉक्सचं तेल काडीवर बघितलं. लाल. पातळी बरोबर. जळका वास नाही. मिस्त्री हिरमुसला.

"मग आतून जाम असणार. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. खर्च बसून ऐका."

मी उभ्याने ऐकला. मग बसले.

एवढा खर्च झेपायचा नाही, म्हणजे भंगार. गाडी गेली की बाबा घरात बसतील आणि आम्हाला बातम्या समजावून सांगतील. तेही सोसलं असतं. पण आईला दवाखान्यात नेणं हे एकच काम त्यांच्याकडे उरलंय, ज्यात त्यांना कुणी 'हळू', 'जपून', 'मी करते' म्हणत नाही.

१३ मार्च

बाबांना सांगितलं. वाटलं, हादरतील. उलट खूश!

"मग नकोच उतरवायला. चालतेय तशी चालू दे. आणि त्या मिस्त्रीकडे पुन्हा नेऊ नकोस. प्रत्येक ठिकाणी नाक खुपसलंच पाहिजे का?"

नाक त्यांच्याकडूनच आलंय.

१५ मार्च

नेलीच.

मिस्त्रीने आज गाडी वर उचलली. खालून दांडीची तार सुटी केली आणि गिअरबॉक्सचा खटका हातानेच आर-च्या खाचेत ढकलला. चाकं उलटी फिरायला लागली!

"ताई, गिअरबॉक्स ठणठणीत!" – जणू त्यानेच जन्माला घातला. तीन दिवसांपूर्वी उतरवायला सांगितला होता, तो दुसराच कुणी असावा. "घोडं वर अडलंय. दांडीपाशी."

दांडीभोवतीचं झाकण काढलं. खाली पितळेची छोटी पट्टी. दोन स्क्रूंनी बसवलेली, दांडी आर-कडे जाऊच नये अशी.

"हे कंपनीचं नाही," मिस्त्री म्हणाला. "पण काम बघा ताई! कडा घासून गोल केल्यात. कुणाला लागू नये म्हणून."

झाकणाखाली कुणाला लागणार होतं?

आमच्या घरातली प्रत्येक कडी, प्रत्येक बिजागरी अशीच घासलेली आहे. बाबा जन्मभर फिटर होते. पट्टी पर्समध्ये टाकली. येऊन गाडी फाटकाच्या आत लावली, नाक घराकडे.

१६ मार्च

"काय झालं होतं?" बाबांनी पेपरातूनच विचारलं.

"काहीतरी अडकलं होतं."

"हं."



१८ मार्च

दवाखान्याचा दिवस. बाबांचं पोट दुखतंय. सकाळी याच पोटाने दोनदा मागून घेतलं होतं. आईचा व्यायाम बुडला.

आईला स्वयंपाकघरात गाठलं. पट्टी दाखवली. तिने हात पुसले.

"मान वळत नाही त्यांची. आरशातलंही धड दिसत नाही. कुंडी फुटली ना, तिच्यामागे काकांची नात बसली होती. चेंडू घेऊन उठली आणि गाडी लागली कुंडीला. काकांना ठाऊक नाही. यांनी बघितलं."

"मग चालवणंच सोडायचं ना!"

"ते होईना. म्हणून तेवढंच बंद केलं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू काय केलं असतंस? विनोद."

पट्टी पुन्हा पर्समध्ये टाकली.

१९ मार्च

पट्टी त्यांच्या हत्यारांच्या डब्यात ठेवली. स्क्रूंसकट. वरच, दिसेल अशी.

२० मार्च

डबा जागेवर. पट्टी नाही.

२१ मार्च

दवाखान्याचा दिवस. किल्ली खुंटीवर नव्हती. चप्पल न घालता धावले.

गाडी जागेवरच. किल्ली लावलेली. आई मागे. बाबा शेजारच्या सीटवर, पट्टा आवळून, मांडीवर वीट.

मी बसले. दांडी आर-वर घेतली. गेली.

"थांब. आधी मागे बघ," बाबा म्हणाले. "माझ्यासाठी पण."

बघितलं. कुणी नव्हतं.