इंजिन तुझ्यामुळं जळलं नाही

देवश्री,

तू उठशील तेव्हा मी बेंबळीच्या एसटीत असेन. डब्यात थालीपीठ आहे, ते खा. काल तू न जेवताच झोपलीस.

काल वर्गात आपल्या छोट्या मॉडेल रेल्वेच्या इंजिनातून धूर निघाला आणि मी सगळ्या पोरांसमोर म्हणालो, "देवश्रीनं वायर चुकीची जोडली." तू म्हणालीस, "आजोबा, मीटर लावून बघू या ना." त्यावर मी म्हणालो, "लई शहाणी होऊ नको." शाळेत मास्तर होतो तेव्हाही कुठल्या पोराला असं कधी बोललो नव्हतो.

आज पहाटे मीटर लावलं. तुझे सगळे जोड पक्के आहेत. मोटरची एक पट्टी इंजिनाच्या लोखंडी सांगाड्याला टेकलीय. मधे टेप लावायचं काम माझं होतं, ते राहिलं. त्यामुळं रुळातला करंट थेट मोटरीत शिरला आणि मोटर चालवणारी चिप जळली. नवी चिप बसवली की आधी कमी करंटच्या चाचणीच्या रुळावर बघायची, हे तुम्हाला मीच शिकवतो. पण पोरं टाळ्या वाजवायला थांबली होती, म्हणून मी इंजिन थेट मोठ्या रुळावर ठेवलं.

वर्गातल्या यज्ञेशला आणि बाकीच्या पोरांना आज बेंबळीत त्यांच्या घरी जाऊन हे सांगतो. तू येत्या रविवारी वर्गाला बसणार नाहीस, असं तुझी आई म्हणाली. नाही बसलीस तरी मी रागावणार नाही.

इंजिन टेबलावर उघडंच ठेवलंय. मीटर शेजारी आहे. तू स्वतः तपासून बघ, माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

आजोबा