मी पास केलेली फळी

आबा, तुमच्याशी मी खोटं वागले, आणि ते कबूल करायला तुम्ही जाऊन बावीस वर्षं व्हावी लागली. आता रिटायर होऊन परभणीतच राहते. जेवणाच्या टेबलावर लाकडाचा एक वीतभर तुकडा समोर ठेवून लिहायला बसले आहे.

मी नोकरीला होते त्या कारखान्यात तुम्ही एकदाच आलात. तिथे ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची लाकडी विमानं बनत, आणि लाकूड उडण्यालायक आहे की नाही ते तपासून शिक्का मारणं हे माझं काम. पोखर्णीहून येताना तुम्ही नवं धोतर नेसला होतात, माझ्यासाठी शेंगांचं गाठोडं आणलं होतंत. आत शिरताच तुम्ही म्हणालात, "एवढंसं हलकं लाकूड, अन् त्याच्यावर मानूस उडतंय? लय धाडस हाय बाबा तुमचं!" सगळे हसले. शेजारी साहेब उभे होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुताराची पोर म्हणून तिथे कुणी ओळखू नये, अशी माझी धडपड होती. हेही आज सांगूनच टाकते.

पंखाच्या पोटात लांब तुळई असते, सगळा भार तिच्यावर. तिच्यासाठीची फळी मी सकाळीच पास केली होती. ओलावा मोजला, लाकडातल्या रेषांचा कल मोजला, वजन केलं, सगळं नियमात. तुम्ही कुणाला न विचारता ती उचललीत, दाराशी नेलीत आणि उन्हात तिरपी धरलीत. अंगठा जिभेला लावून हळूहळू फिरवत गेलात. मग थांबलात. "हितं दबलंय. अन् चार बोटांवर हितं बी. झाड पाडताना दगडावर आपटलंय बाई हे. याचं जू केलं तर गाजरावानी तुटंल."

मला काही म्हणता काही दिसेना. साहेब माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणाले, "आबा, ठेवा ती खाली. ही बैलगाडी नाही. इथं मशीन सांगतं, अंगठा नाही." तुम्ही फळी होती तिथे ठेवलीत, हात धोतराला पुसलात. "न्हाई बाई, सहज म्हनलं," एवढंच बोललात. मग गाडीची वेळ होईपर्यंत तुम्ही कशालाही हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी माझं मन काही स्वस्थ बसेना. तुम्ही दाखवलेला भाग कापून काढला आणि मशीनमध्ये वाकवला. चांगलं लाकूड तुटण्याआधी करकरतं, त्याचे लांब तंतू सुटतात. हा तुकडा निम्म्या भारातच खट्कन गेला. त्या पंखावर पोरं उडायला शिकणार होती, आबा! मी फळी बाद केली. साहेबांनी विचारलं, "तुमचे वडील म्हणत होते तीच का ही?"

"नाही साहेब," मी म्हणाले, "ते दुसरी फळी बघत होते." आणि अहवालाखाली माझी सही केली.

दिवाळीला गावी आले ते तुटलेला हा अर्धा तुकडा पिशवीत घेऊनच. तुम्हाला दाखवायचा, पाया पडायचं, असं ठरवलं होतं. तेवढ्यात शेजारचे काका बाभळीचा सोट घेऊन आले. "आबा, बघा की, जुवाला चालंल का?" तुम्ही सोटाला शिवलासुद्धा नाहीत. "माझ्या अंगठ्याचं आता काय खरं न्हाई. पोरीला इचारा, तिच्याकडं मशीन हाय." टोमणा असता तर बरं झालं असतं हो. तुम्ही ते कौतुकानं म्हणालात. दोनदा पिशवीत हात घातला मी. पण तुकडा काढला असता तर साहेबांना काय सांगितलं तेही सांगावं लागलं असतं. मी शेंगा सोलत बसले. पुढच्या दिवाळीला तुम्ही नव्हतात, आणि लाकूड तासायचा तुमचा वाकस तुम्ही आधीच कुणाला तरी देऊन टाकला होतात.

हे पत्र कुठे पाठवणार? घडी घालून तुकड्याबरोबर ठेवून देईन. तुकडा तुटला तो तुमच्या पहिल्या खुणेवर. चार बोटांवरची दुसरी अजून यातच असणार. आज दुपारी खिडकीच्या उन्हात तो तिरपा धरला, अंगठा ओला केला, पुन्हा पुन्हा फिरवला. आबा, मला ती सापडत नाही.