हा कर

माय, काल मला दारू सोडून एक वर्ष झालं. हे सगळ्यांत आधी तुला सांगायला हवं होतं, पण तू जाऊन चौदा वर्षं झाली. दुपारी दुकानात बसून लिहितो आहे. पुढ्यात पंपाची मोटर उघडी आहे, तिच्यात तांब्याची तार भरून झाली. हात थरथरला नाही.

तुझं "हा कर" अजून कानात आहे. संध्याकाळी मी घरात शिरलो की तू पिठाच्या हातांनी उठायचीस आणि माझ्या तोंडाशी नाक आणून म्हणायचीस, "हा कर." लहानपणी घसा बघताना म्हणायचीस, अगदी तसंच. मी मोठा हुशार, वास लपवायला कच्चा कांदा चावून यायचो. "कांदा कावून खाल्ला रे? जेवाले तं अजून वेळ हाय." झालं, चोरी पकडली. मग समोरच्या घरातल्या गुरुजींचं पुराण सुरू. "गुरुजीइले पाह्य जरा. दर रविवारी अकोल्याले सत्संगाले जातात." मला त्या माणसाचा इतका राग यायचा की त्यांच्या दारावरून जाताना मी मुद्दाम शिट्टी वाजवायचो.

एक दिवस तू दुकानात डबा घेऊन आलीस. चार गिऱ्हाईकं उभी होती. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "हा कर." मी भर दुपारी प्यायलो होतो. तुझा हात झटकला, डबा पडला, वरण मोटरींवर सांडलं. तू खाली बसून पदरानं पुसत राहिलीस. त्यानंतर तू मला कधीच "हा कर" म्हणाली नाहीस, आणि मी गाढव, ती माझी जीत समजलो. तू गेलीस त्या दिवशीही मी प्यायलेला होतो. खांदा द्यायला पुढं झालो तर लोकांनी बाजूला केलं. त्याची लाज आजही वाटते, वाटायलाच हवी.

मागच्या वर्षी नांदगाव खंडेश्वरच्या एका शेतकऱ्याची मोटर मी दोनदा भरली, दोनदा जळाली. तार खाचेत बसतच नव्हती, बोटं इतकी थरथरायची. तो शिव्या देईल म्हणून मी तयार होतो. त्यानं सरळ मोटर उचलली आणि समोरच्या दुकानात नेली. त्याच आठवड्यात दवाखान्याच्या भिंतीवर कागद दिसला, दारू सोडणाऱ्यांच्या गटाचा. फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, अमरावतीत तुमच्या घरापासून दहा मिनिटांवर बैठक असते. मी विचारलं, "अकोल्यात नाही का?" ओळखीचं कुणी भेटायला नको ना!

तर रविवारी बायकोला सांगितलं, तार आणायला अकोल्याला जातो. तिचा विश्वास बसला नाही, आणि तिचं काय चुकलं? बसमध्ये मागच्या सीटवर पेपरआड तोंड लपवून दोन तास बसलो. अकोल्यात पत्ता शोधत एका शाळेच्या वर्गात शिरलो, तर पहिल्याच बाकावर गुरुजी. ते त्याच बसच्या पुढच्या सीटवर होते म्हणे.

"काय रे, तू इकडं कावून?"

"तार घ्याले आलो, गुरुजी."

"मंग बस. मी बी सत्संगालेच आलो."

माय, तुझा सत्संग हा होता! तेवीस वर्षं तो माणूस दारूपासून लांब राहिला, आणि त्यासाठी दर रविवारी गावापासूनही लांब जात राहिला. मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेना. त्या दिवशी नाव सांगून "मी मद्यपी आहे" एवढंच म्हणता आलं. परतताना आम्ही एका सीटवर बसलो. मूर्तिजापूरला चहा त्यांनी पाजला.

बैठकीतलं बैठकीतच ठेवायचं असतं, म्हणून त्यांच्याबद्दल तुला लिहू का, हे त्यांना विचारलं. म्हणाले, "सांग तिले. त्या माउलीनं मले उगाच लय मोठं करून ठेवलं."

मग काल. वर्ष पूर्ण झालं की घरच्यांनाही बोलावून सगळ्यांसमोर बोलतात, आणि मी ठरवलं, बोलेन तर आपल्याच गावात. गुरुजी म्हणाले, "तू उभा राह्यला तं मी बी राहीन." आपल्या मोहल्ल्यातली महापालिकेची शाळा, माझाच जुना वर्ग. बायको मागच्या बाकावर. त्या दिवशीच्या चार गिऱ्हाइकांतला एकजण तिसऱ्या बाकावर बसलेला, तोही आमच्यातलाच निघाला. मी उभा राहिलो आणि तुझा डबा कसा पडला ते सगळं सांगितलं. मधेच खाली बसलो नाही. मग गुरुजी काठी टेकत उठले आणि आयुष्यात पहिल्यांदा अमरावतीत म्हणाले, "मी मद्यपी आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शिट्टी वाजवली.

घरी येऊन जेवलो आणि तुझ्या फोटोपुढे गेलो. अगदी जवळ तोंड नेलं आणि हा केला. काच धुरकट झाली. बायको दारातून म्हणाली, "काय करून राहिले?"

"मायले दाखवून राहिलो."

हे पत्र मी ड्रॉवरमध्ये तारेच्या बंडलाखाली ठेवणार आहे. एक मात्र कबूल करतो. काल हा करायच्या आधी मी कांदा खाल्ला होता. झुणक्यासोबत, जेवताना. नुसता कांदाच होता, माय.