चाकाला आरे किती होते?

बोरी अरब,
दि. १ ऑक्टोबर १९६२

उकंडा यास,

टक्, टक्, टक्‌-टक्. सकाळी अंथरुणातच तुझ्या तांब्याच्या अंगठीचा आवाज आठवला. मी मागच्या सीटवर शाळेतल्या कविता म्हणायचो आणि तू मोटार हाकता हाकता लाकडी स्टेअरिंगवर ठेका धरायचास. माझी ओळ चुकली की ठेका थांबायचा. चुकलं असं तोंडानं कधी म्हणाला नाहीस.

आशीर्वाद लिहावा की नमस्कार, यात अर्धा तास गेला. नमस्कार घे. इकडे ठीक. कापसाचं जिन मुलाच्या ताब्यात आहे, गुडघे कुणाच्याच ताब्यात नाहीत. तू वणीला कोळशाचा ट्रक चालवतोस असं कळलं. नाकातोंडाला फडकं बांधत जा.

पत्राचं कारण असं की आपली हिरवी मोटार पुन्हा उभी करतो आहे. टायर झाले, गाद्या झाल्या. अडलं ते स्टेअरिंगपाशी. रामलाल मिस्त्रीनं नागपूरच्या जुन्या बाजारातून तीन आणली. एक काळं, चकचकीत, मधोमध भोंग्याचं बटन. ते मी बाजूला ठेवलं. आपला भोंगा रबरी, बाहेर लावलेला. उरली दोन. दोन्ही लाकडी, दोन्ही त्याच सालची. एकाला तीन आरे, एकाला चार.

रामलाल वैतागला. "मालक, तुमाले गाडी चालवता येत नाई, डायवर तुमच्यापाशी नाई. मंग कोणतंबी चाक लावा ना!"

"मला होतं तेच हवं."

"तेच म्हंजे कोणतं? तीनवालं का चारवालं? मी त काढलं होतं घाईघाईत, मले याद नाई."

मलाही सांगता येईना. बावीस वर्षं त्या मोटारीत बसलो, पण मागे. मला तुझी मान दिसायची, मानेवरचा तीळ दिसायचा, खिडकीतून पळसाची झाडं दिसायची. तुझ्या हातात काय होतं ते मी कधी पाहिलंच नाही. चौथीच्या पुस्तकात रथाची एक कविता होती. चारही घोड्यांचे रंग मला अजून पाठ आहेत. सारथ्याचं नाव आठवत नाही. कवितेत ते होतं की नव्हतं, हेही आठवत नाही.

म्हणून तुला विचारतो. उलट टपाली एक आकडा कळव, तीन की चार. कार्डावर भागेल.

रामलाल परवा वणीकडे निघाला होता. "उकंडाले पुसून येऊ का?" म्हणाला. मी नको म्हटलं. मीच लिहितो म्हटलं. का, ते आता लिहावंच लागेल.

स्टेअरिंगचं चाक चोरीला गेलं असं गावात सांगत आलो. तुला खरं ठाऊक असणारच. छप्पन साली दसऱ्याला नागपूरला दीक्षा होती. तुझ्या आईला, पंचफुलाबाईंना, फार चालवत नव्हतं, म्हणून तू मोटार मागितलीस, दोन दिवसांसाठी. मी म्हटलं, "दसऱ्याला मोटारीची पूजा असते, बाहेर काढता येणार नाही." तू काहीच बोलला नाहीस. त्या न बोलण्याचीच मला भीती वाटली. विचारल्याशिवाय नेशील असं वाटलं. मग रामलालकडून चाक काढवलं आणि जिनाच्या विहिरीत टाकलं. टाकलं मी, माझ्या हातानं. त्या विहिरीवर आता सरकीचं गोदाम आहे.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी तू आलास, मोटारीत डोकावलास आणि गेलास. थोड्या वेळानं आईला पाठीवर घेऊन स्टेशनाकडे जाताना दिसलास. गाडी माणसांनी लदलेली होती म्हणतात. दसऱ्याला मी बिनचाकाच्या मोटारीला झेंडूचा हार घातला.

माझ्या बायकोचं, मथुरेचं, बाळंतपण अडलं तेव्हा हीच मोटार पाठवून पंचफुलाबाईंना आणवलं होतं. मागच्या दारानं. मुलगा जगला तो त्यांच्या हातानं.

उकंडा, त्या वेळेवर पोचल्या का नागपूरला? सहा वर्षं एवढंच विचारायचं आहे. आऱ्यांचं नाही कळवलंस तरी चालेल.

फाटक वाजलं. रामलाल आहे. नको म्हटलं तरी हा वणीला तुझ्याकडे गेलेला दिसतो. हाताला धरून कुणाला तरी आणतो आहे. पांढरं लुगडं, वाकलेली पाठ. पुढच्या दारानं येताहेत. पंचफुलाबाई.

पायरीवरूनच म्हणताहेत, "उकंडा नाई आला, मालक. तो म्हणे, मले काई सांगाचं नाई. मंग मीच आली. तीन होते. तुमच्या बाईसाठी आली तवा त्याच्या बाजूले बसलती. जीव घाबरे, म्हणून मोजत होती."

दार उघडंच आहे. मला उठवत नाही.

खाली 'मालक' लिहिलं होतं, खोडलं.

त्र्यंबक