लाल मिशांची गाडी

सेक्टर १५, चंदीगड
१२ जुलै २००३

चि. वामन यास अनेक आशीर्वाद.

तुझा फोटो खरा होता हे मला काल कळले, म्हणून हे पत्र.

मार्चमध्ये तू जपानहून पाठवलेला तो आगगाडीचा फोटो मी अप्पांना दाखवलाच नाही. कपाटात ठेवला आणि त्यांना सांगितले, की काही आलेले नाही. माझ्याकडे जपानचे एक कॅलेंडर आहे. त्यात तीच एक्स्प्रेस निळी-पांढरी आहे. तुझ्या फोटोतली मात्र सायीच्या रंगाची, लाल पट्ट्याची, तोंडावर लाल मिशा रंगवलेली. १९७१ साली अप्पा तिथे डब्यांचे रंगकाम शिकायला गेले तेव्हा त्यांनी पाहिली होती अगदी तशी. शिवाय फोटोत तू कुठेच नाहीस. मी ठरवून टाकले, की तू ती गाडी पाहायला गेलाच नाहीस, कुठले तरी जुने चित्र उचललेस. तीस वर्षे परीक्षेत कॉप्या पकडल्या, त्याची ही सवय. नववीत प्रगतिपुस्तकावर अप्पांची सही तू केली होतीस, तेही मी विसरले नव्हते.

काल माझी जुनी विद्यार्थिनी संपदा आली होती. इथल्या मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन करते, वर्षभर जपानला होती. तिच्या अल्बममध्ये तीच गाडी, त्याच रंगात, कोपऱ्यात या वर्षीची तारीख. तिकडे म्हणे काही जुन्या गाड्यांना मुद्दाम पूर्वीचे रंग देतात, आणि म्हातारी माणसे त्या पाहायला पुलावर जाऊन उभी राहतात.

वामन, मार्चमध्ये अप्पांना उजव्या डोळ्याने दिसत होते. जूनमध्ये काचबिंदूने तोही गेला. आधी रोज टपाल विचारत, आता विचारत नाहीत. वामन विसरला, असे ते एकदा मला म्हणाले आणि मी गप्प बसले. फोनवर तुझ्याशी दोन शब्दांत आटपतात ते त्यामुळे.

मला लाज वाटते. फोटोचे काय करू ते कळव. लोभ कमी केलास तरी माझी तक्रार नाही.

तुझी
सुनंदाताई


नाशिक
२० जुलै २००३

ती. सुनंदाताईस वामनचा सा. न. वि. वि.

तुझे पत्र वाचल्यावर कांचनने माझे पेन लपवले. दोन दिवसांनी परत दिले, ते तुझे नशीब. बायको कोणाची बाजू घेते ते कळले.

जपानमध्ये कामातून सुट्टीचा एकच दिवस होता. तीन गाड्या बदलून त्या स्टेशनावर गेलो. ती गाडी रोज नसते. मास्तरांनी खुणेने थांब म्हटले, म्हणून थंडीत पावणेतीन तास थांबलो. फोटोत मी नाही, कारण निघताना अप्पांनीच बजावले होते, की मध्ये उभा राहू नकोस, मिशा झाकशील.

फोटो त्यांना पसंत पडला नसेल असे मी धरून चाललो होतो, म्हणून फोनवर विषय काढला नाही. सही मी केली होती, कबूल. पण त्याची शिक्षा अप्पांना कशाला, ताई?

फोटो परत पाठवू नकोस. त्यांच्या हातात दे, आणि काय झाले ते तूच सांग. मी सांगणार नाही. राग आहे, लोभही आहे. सध्या दोघांना एकाच घरात राहू दे.

तुझा
वामन


चंदीगड
२७ जुलै २००३

चि. वामन यास आशीर्वाद.

आज सांगितले. काही गाळले नाही. अप्पांनी कप बाजूला ठेवला. चहा गार झाला. मग त्यांनी फोटो मागितला आणि विचारले, की लाल पट्ट्याची कड सरळ आहे का. मी भिंग आणून पाहिले, सरळ आहे. कुठे ओघळ? नाही. मिशांची टोके दोन्हीकडे सारखी? सारखी. रंगारी चांगला आहे, म्हणाले. मग तू किती वेळ थांबलास ते विचारले. पावणेतीन तास, हे माझ्याकडून दोनदा वदवून घेतले. माझ्याविषयी काही म्हणाले नाहीत. फोन लावून ठेव, संध्याकाळी वामनशी बोलायचे आहे, एवढेच.

नोंद करून ठेवते. एक रंगीत फोटो, पोस्टकार्डाएवढा, पाकिटासह. आला ११ मार्चला. अप्पांच्या हाती दिला आज, रविवारी, सकाळी साडेदहा वाजता. त्यांनी तो उलटा धरला होता. मी सुलटा करून दिला.

सुनंदा