वार्लामकाकांचा राजा

८ ऑक्टोबर १९७८, कुताइसी

हातात मात असताना मी वजीर मागे का घेतला?

काल साखरपुडा झाला. आमच्याकडे मुलीला हुंड्यात बुद्धिबळाचा पट देतात. आईने अक्रोडाच्या लाकडाचा दिला. वार्लामकाका — गुरामचे वडील, माझे होणारे सासरे — म्हणाले, "मांड गं सूनबाई! बघू विद्यापीठात काय शिकलीस!" पाहुणे पेले घेऊन भोवती जमले.

काकांनी घाईघाईने किल्लेकोट केला. "राजा घरात गेला, आता मी जेवतो!" — आणि खरंच चीज भरलेली हाचापुरी रोटी तोडायला लागले. मी कडेचं प्यादं पुढे सारत नेलं आणि त्यांच्या राजापुढचं एक प्यादं मारलं. त्यांनी तेही अधाशासारखं खाल्लं. झालं! माझ्या कोपऱ्यातल्या हत्तीपासून त्यांच्या राजाच्या उंबऱ्यापर्यंत सगळी रांग मोकळी. वजीर त्या रांगेत आणला की संपलं.

गुराम कानाशी वाकला. "लमारा, बाबांची लाज राख. सगळे बघतायत."

मी वजीर मागे घेतला. मग हरत गेले. काकांनी पेला उंचावला — "बुद्धिबळात जगाला हरवणाऱ्या आपल्या जॉर्जियन मुलींच्या नावानं!" कुणालाही हसू आलं नाही. मीसुद्धा प्यायले.

११ ऑक्टोबर

गुराम म्हणतो, "तू जिंकली असतीस, हे तुला ठाऊक आहे ना? मग झालं तर!"

मला ठाऊक. त्यालाही ठाऊक. वार्लामकाका मात्र गावभर सांगत सुटलेत — विद्यापीठाला हरवलं म्हणून!

१५ ऑक्टोबर

पट सासरीच राहिला. काचेच्या कपाटात, कपबशांशेजारी. "खेळायला काढता येईल ना?" मी सासूबाईंना विचारलं.

"अगं वेडे, तो दाखवायचा असतो! माझ्या पटावर अजून एकही डाव झालेला नाही." किती अभिमानाने सांगितलं त्यांनी!

घरातली पहिली पदवीधर मी. आणि मला वाटत होतं, पट खेळायला देतात.

२० ऑक्टोबर

तिबिलीसीहून बुद्धिबळाच्या निवड स्पर्धेचं बोलावणं आलं! जिंकणारी जॉर्जियाच्या संघात जाणार. गुरामने कागद पाहिला न पाहिला. "कळवून टाक, लग्न आहे म्हणून."

लग्न डिसेंबरात आहे.

"म्हणून काय झालं? आत्तापासून सवय कर की."

आमचे बाबाही त्याच्याच बाजूने. "पोरी, तुला शिकवलं ते ठरलेलं लग्न मोडायला नव्हे."

२१ ऑक्टोबर

रडले. मूर्ख!

४ नोव्हेंबर, तिबिलीसी

पहिल्याच फेरीत हरले. समोर बातूमीची मुलगी, माझ्याहून लहान. मी किल्लेकोट करून निवांत झाले, आणि तिने एक प्यादं फेकून माझ्याच राजावर रांग उघडली. हत्ती, मागून वजीर. जराही दया नाही! उठताना हात मिळवला तेव्हा म्हणाली, "ताई, तुम्ही चांगलं अडवलंत हं."

किती दिवसांनी खरंखुरं हरले. उद्या दुसरी फेरी.

साखरपुड्याची अंगठी मी मंगळवारीच वार्लामकाकांच्या हातात देऊन आले आहे.